रोसाउराच्या फळ्या

रोसाउरा आठ वर्षं आखातातल्या अल दुहैलमध्ये स्वतःच्या देशाचा, मेक्सिकोचा नाच शिकवत होती. वर्गात निम्म्या पोरी आपल्या पुण्या-नाशिकच्या. हा नाच लाकडी फळ्यांवर टाचा आपटून करायचा. टाचांचा आवाज हाच त्याचा ढोल.

वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी जवळच्या लुसैल शहरातल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. पोरींनी चार महिने घाम गाळला. रंगीत तालमीला फळ्या आणि नाचाचे घागरे घेऊन पोचल्या, तर स्टेजभर जाडजूड गालिचा! समोर इव्हेंटवाला कौशिक. गळ्यात तीन-तीन पास, डोक्यात शून्य.

"मॅडम, टीव्हीवर छान दिसतं. आवाज आम्ही रेकॉर्डिंगचा टाकू."

"मग पायही रेकॉर्डिंगचेच लाव. गालिचा काढ."

"बघू, इन्शाल्ला."

असले टोलवाटोलवीचे इन्शाल्ला तिनं पोत्यानं ऐकले होते. तिनं पोरींना फळ्या उचलायला लावल्या. कौशिक मागं धावला, "निदान घागरे तरी ठेवा, फोटोला लागतील!"

रोसाउरानं घागऱ्यांचं गाठोडं त्याच्या पायाशी आपटलं. "नेस, आणि तूच गिरक्या घे."

कार्यक्रमात म्हणे ते घागरे घालून मॉडेल नुसत्या हसत उभ्या होत्या. त्याच संध्याकाळी दुहैलमध्ये पोरी ट्रॅकपँटवर नाचल्या, आणि टाचांचा आवाज पार कंपाउंडच्या गेटपर्यंत गेला.