वाडीचं पाणी मैदानावर मारणार न्हाई

राम राम मंडळी. आज दुपारी माझं ड्रायव्हरचं काम गेलं. कसं गेलं ते दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

अहमदपूरकडच्या एका वाडीला मी टँकरनं पाणी पोचवतो. तिथली विहीर दिवाळीलाच आटली. टँकर गेला की बाया पहिला तांब्या ड्रायव्हरला पाजतात. त्यानं त्यांच्यासमोर पिलं, तरच पाणी चांगलं समजायचं.

आज टँकर भरून निघालो, तर मालकाचा फोन आला. "वाडीला उद्या जा. आधी सभेच्या मैदानावर पाणी मार. नव्या जिल्ह्याच्या मागणीची सभा हाय, पाहुण्यांच्या अंगावर धूळ नको."

म्हणलं, "मालक, हे प्यायचं पाणी हाय. मी मातीत ओतणार न्हाई."

"गाडी कुणाची हाय रे?"

"गाडी तुमची, पाणी वाडीचं. तिथं खाली करतो अन् चावी आणून देतो."

तसंच केलं. वाडीत शांतामावशीनं तोटीखाली तांब्या धरला अन् माझ्या हातात दिला. मी घटाघटा पिलो. मग टाकी विहिरीत खाली केली अन् मालकाच्या टेबलावर चावी ठेवली. लई शिव्या खाल्ल्या, पण मान खाली घातली न्हाई.

नवा जिल्हा मलाबी पाहिजे. लातूर आम्हाला लांबच पडतं. पण मैदान भिजवून रिकामा टँकर घेऊन गेलो असतो, तर मावशीला काय तोंड दाखवलं असतं? तुम्हीच सांगा.

उद्या सभेत धूळ उडंल. नाकातोंडात गेली तर खुशाल माझं नाव घ्या. ते पाणी आज वाडीनं पिलंय.