वहिनींचं ‘बरा आहे’

थिएटरच्या बुकिंगच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळं गाव वहिनी म्हणायचं. शिंपी म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, शाळेतली पोरं म्हणायची आणि त्या पोरांचे आजोबासुद्धा वहिनीच म्हणायचे. खरा दीर त्यांना एकच, थिएटरचा मालक. वहिनींचा नवरा तिथेच ऑपरेटर होता. तो गेला तेव्हा धाकट्या भावाने सगळ्या नातेवाइकांसमोर सांगून टाकलं, “वहिनी माझ्याकडे राहतील. त्यांना काही कमी पडू देणार नाही.” सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघातिघांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. वहिनींना मात्र कोणी विचारलं नाही. आणि विचारून तरी काय होणार होतं, कपाळ! माहेरी दार उघडणारं कोणी उरलं नव्हतं.

कमी खरंच काही पडलं नाही. राहायला खोली मिळाली, ती पडद्याच्या मागे. बसायला खुर्ची मिळाली, ती खिडकीच्या मागे. दोन्हींच्या मधे एक बोळ, त्यात जुन्या पोस्टरांच्या गुंडाळ्या. खोलीतून खुर्चीत आणि खुर्चीतून खोलीत, यात बाईचे केस पांढरे झाले. दीर वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. तो चांगला होता, हीच तर पंचाईत.

खोलीची भिंत पडद्याला लागून होती. बुकिंग बंद करून वहिनी भाजी चिरायला बसल्या की भिंतीतून पिक्चर सुरू. बघायचा नाही, नुसता ऐकायचा. आणि ऐकून कळतं बरं का! चेहरा नसला की खोटं रडणं लगेच उघडं पडतं.

जगातला सगळ्यात भिकार पिक्चर कोणता, हे वहिनींनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. त्यातली आई मरताना गाणं म्हणायची. मेला तो पिक्चर अर्धं वर्ष हलला नाही! रोज, प्रत्येक खेळाला ती आई नव्याने मरणार आणि प्रत्येक वेळी वरचा सूर लावणार. “मर की गं बाई एकदाची!” असं वहिनी भिंतीला म्हणायच्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा त्याला पाणीसुद्धा मागता आलं नव्हतं. म्हणून त्या गाण्याचा त्यांना इतका राग.

आणि सगळ्यात चांगला पिक्चर? तो आठवडाभरही टिकला नाही. एका दुपारी भिंतीतून आवाजच येईना. मशीन बंद पडलं की काय म्हणून वहिनी धावत हॉलच्या दाराशी गेल्या. मशीन चालू होतं. पडद्यावर एक बाई दुकानात एकटी बसली होती. फडक्याने काउंटर पुसत होती. गिऱ्हाईक नाही, गाणं नाही, काही नाही. पुसून झालं, तिने फडकं घडी करून ठेवलं आणि पुन्हा बसली. वहिनी दाराला टेकून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि ढसाढसा रडल्या. हॉलमधले चारदोन प्रेक्षक मात्र जांभया देत होते.

आता खिडकीत बसलं की गिऱ्हाईक विचारणारच, “कसा आहे पिक्चर?” दिराने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, छानच म्हणायचं. खोटं बोलणं वहिनींना जमेना आणि खरं बोलायची सोय नाही. मग त्यांनी आपली वाट काढली. पिक्चर टाकाऊ असेल तर ठणकावून म्हणायच्या, “छान आहे!” आणि मनापासून आवडला असेल तर हळूच म्हणायच्या, “बरा आहे.” आपल्याकडे बरा म्हणजे जेमतेम, बाहेरगावचा माणूस ते ऐकून परत फिरायचा. पण रोजच्यांना हे गणित कळलं होतं. ‘छान’ ऐकलं की लोक खाली मान घालून हसत घरी जायचे. ‘बरा’ ऐकलं की बायकापोरांना घेऊन यायचे. कोणी कोणाला सांगितलं नाही, तरी अख्ख्या गावाला माहीत. माहीत नव्हतं ते फक्त मालकाला.

त्या खोलीत आणि खुर्चीत वहिनींचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं, तो एक शब्द.

घोळ घातला कॅन्टीनवाल्याने. माणूस भला, पण तोंडाला कुलूप नाही. मालकापुढे कौतुक करायला गेला, “शेठ, वहिनी ‘बरा’ म्हणाल्या की मी दूध जास्तीचं घेतो, ‘छान’ म्हणाल्या की निम्मंच. आजवर कधी नासलं नाही!”

मालक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो पोट धरून हसला, खिडकीमागे येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, “कमाल आहे वहिनी तुमची! तुम्ही ‘छान’ म्हणून गिऱ्हाईक पळवलंत आणि मी इकडे पोस्टरवाल्याला शिव्या घालत बसलो.” मग हसणं थांबवून तो म्हणाला, “उद्या नवा पिक्चर लागतोय. ‘बरा’ म्हणायचं. प्रत्येकाला. हा पडला तर थिएटरला टाळं लागेल आणि तुमची खोलीही जाईल. मग मी तुम्हाला कुठे ठेवू, सांगा?”

“ठेवू” म्हणाला तो. वहिनींनी तो शब्द ऐकला आणि तिकिटांचा गठ्ठा सरळ करून ठेवला.

नव्या पिक्चरचा पहिला खेळ त्यांनी भिंतीतून ऐकला. यातही आई मरत होती, गात होती. वर कहर म्हणजे भूत होऊन परत येत होती आणि पुन्हा गात होती! वहिनींनी कपाळाला हात लावला. भिकारातल्या पहिल्या नंबराला अखेर जोड मिळाली होती.

तीनच्या खेळाला खिडकी उघडली. दीर मागे स्टुलावर. रांगेत पहिला आला शिंपी.

“वहिनी, आज नीट सांगा हं,” तो खिडकीच्या भोकाशी वाकून म्हणाला. “ऑपरेशननंतर हिला पहिल्यांदाच बाहेर काढलंय. डॉक्टर म्हणाले, एकदा काय ते फिरवून आणा, मग पुन्हा झोपूनच राहायचंय. कसा आहे?”

त्याच्या मागे भिंतीला धरून त्याची बायको उभी होती. चांगली साडी नेसलेली, पण अंगावर ती लोंबत होती.

वहिनींना वाटलं, ‘छान’ म्हणावं, ओरडून म्हणावं! मागे स्टूल करकरलं.

“बरा आहे,” वहिनी म्हणाल्या.

शिंप्याचा चेहरा असा फुलला की बघवेना. “बघ, म्हटलं नव्हतं!” तो बायकोला म्हणाला आणि दोघं आत गेली.

इंटरव्हललाच ती दोघं बाहेर आली. वहिनी पुढच्या खेळाचं बुकिंग करत होत्या. त्यांनी मान खाली घातली. आता बोलतील, चार लोकांत तोंडावर बोलतील. बोलू देत, तेच बरं. पण शिंपी रांगेच्या कडेने पुढे आला आणि काळजीने म्हणाला, “वहिनी, तब्येत बरी नाही का?”

“का हो?”

“नाही, तुमचं असं कधी चुकत नाही. मी हिला म्हटलं, वहिनींना काहीतरी झालंय. तर ही म्हणाली, चला, आधी बघून येऊ.”

बायकोने भोकातून हात आत घातला आणि वहिनींचं मनगट धरलं. तिचाच हात काडीसारखा. “ताप नाही,” ती म्हणाली. “पण केवढा गार पडलाय हो हात! पिक्चरचं जाऊ द्या. उठा बघू आता, सरळ घरी जाऊन पडा.”

वहिनींनी तोंड उघडलं. मागून दीर हळूच खाकरला.

“घर इथेच आहे,” वहिनी म्हणाल्या. “पडद्यामागे.”

“हो का? मग बरंय,” ती म्हणाली. “लांब जायला नको.”