पाठमोरा राजा

माणसाचा चेहरा मी आधी बाजूनं बघतो. दातांचा डॉक्टर असल्यामुळं लागलेली ही सवय. खुर्चीवर बसलेल्या पेशंटचा खालचा जबडा पुढं आलाय की मागं गेलाय, हे त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. त्यामुळं जुन्या नाण्यांचा नाद लागला तेव्हा इतरांसारखी शिवराई किंवा संस्थानी रुपये जमवण्यात माझा जीव रमला नाही. मला चेहरे हवे होते, आणि चेहरे होते ग्रीक आणि रोमन नाण्यांवर. तेही देखणे, कोरीव नाकाचे राजे नकोत. काहीतरी वेगळं दिसलं की माझा हात तिकडं जायचा. हनुवटी आणि मान एकच झालेला एक रोमन बादशहा माझ्याकडं होता. हत्तीच्या मुंडक्याची टोपी घातलेला एक राजा होता. एका नाण्यावर सूर्यदेव अगदी समोर बघत होता, फक्त त्याचं नाक सपाट झालं होतं. समोरून काढलेल्या चेहऱ्याचं नाक सगळ्यात आधी झिजतं.

हे सगळं नव्वदच्या दशकातलं. शाहूपुरीत माझा दवाखाना नुकता बसत होता. मुंबईचे व्यापारी पोस्टानं याद्या पाठवायचे, पुण्यात प्रदर्शन भरायचं, आणि आमच्या जवळ हुपरी होतीच. हुपरी चांदीचं गाव. तिथं पैंजणं नि करदोडे करायला देशभरातून मोडीची चांदी येते. उत्तरेकडून आलेल्या एखाद्या पोत्यात तुटक्या वाळ्यांबरोबर ग्रीक नाणं निघायचं. तिथं चांदी वितळवणाऱ्या एका आटणीवाल्याला मी सांगून ठेवलं होतं, परक्या माणसाचं तोंड दिसलं की मुशीत टाकू नको, मला फोन कर.

या सगळ्यात मला एकच नाणं मनापासून पाहिजे होतं. उचगावला आमच्या वस्तीतल्या विहारात माझे वडील रविवारी मुलांना गोष्टी सांगायचे. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. पंजाबात राज्य करणारा एक ग्रीक राजा, त्यानं प्रश्न विचारून विचारून एका भिक्खूला कसं भंडावलं आणि शेवटी स्वतःच कसा निरुत्तर झाला, ही त्यांची आवडती गोष्ट. त्या राजाची चांदीची नाणी असतात, हे मला पुढं कळलं. त्यातल्या एका जातीच्या नाण्यावर तो पाठमोरा आहे. उघडी पाठ, उगारलेला भाला आणि खांद्यावरून बाजूला वळलेलं तोंड. राजाची पाठ दाखवणारं नाणं! पुस्तकातला तो फोटो बघितला आणि मी ठरवलं, हे आपल्याकडं असायलाच पाहिजे. वडील तोवर गेले होते. त्यांना दाखवायचं राहिलंच होतं, पण ते नाणं आमच्या घरचं आहे असं मला उगीच वाटायचं.

आणि मग अण्णा आले.

अण्णा इचलकरंजीचे, जैन, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. त्यांचे स्वतःचे माग होते. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं ते शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलत. दाढ दुखते म्हणून माझ्याकडं आले. भूल चढेपर्यंत बसायचं होतं, तर टेबलावरचा माझा अल्बम त्यांनी ओढून घेतला. हनुवटी नसलेल्या रोमन बादशहावर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर, हा आमचा साडू हाय की!"

मी हसलो. "रोमचा बादशहा हाय तो."

"असंल. पर साडूबी असाच हाय. पान खाताना बघा एकदा त्याला."

मी खुशीत येऊन सगळा अल्बम दाखवला. कुठं मिळतात तेही सांगितलं, हुपरीच्या आटणीवाल्यापर्यंत.

अण्णांनीही जमवायला सुरुवात केली. त्यांची पद्धत एकच, चेहरा कुणासारखा तरी दिसला पाहिजे. ग्रीक कुठला नि रोमन कुठला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "ही आमची थोरली आत्ती," म्हणून त्यांनी एका रोमन राणीचं नाणं आणलं, ते मी भिंगाखाली दोनदा फिरवून बघितलं. तशी केसांची मांडणी मी फक्त पुस्तकात पाहिली होती. मी रात्रंदिवस वाचायचो, याद्यांवर खुणा करायचो, आणि हा माणूस सुताच्या गाठी पोचवायला जाता जाता हुपरीला थांबायचा नि खिशात घालून यायचा. इचलकरंजीहून हुपरी किती जवळ! शिवाय त्यांच्याकडं मारुती व्हॅन आणि माझ्याकडं स्कूटर. मला फोन येऊन, पेशंट आटोपून मी पोचेपर्यंत आटणीवाला म्हणायचा, "अण्णा आलते की सकाळीच."

ते आले की मी हसून स्वागत करायचो. चहा सांगायचो. ते खिशातून रुमालाची पुरचुंडी काढायला लागले की मनात म्हणायचो, काही नसू दे. बहुतेक वेळा असायचं.

एका पावसाळ्यात त्यांनी पुरचुंडी सोडली आणि टेबलावर पाठमोरा राजा ठेवला.

चार आण्याएवढं नाणं. उघडी पाठ, भाला, वळलेलं तोंड. जबड्याची रेषसुद्धा स्पष्ट होती. "खरं हाय का बघा," अण्णा म्हणाले.

मी भिंग घेतलं. दाताच्या टोप्या मी स्वतः ओततो, त्यामुळं ओतीव धातू मला फसवू शकत नाही. ओतलेल्या नकली नाण्यावर बारीक बुडबुड्यांच्या खुणा राहतात, कडेला सांध्याची रेष येते. मी जीव तोडून बुडबुडे शोधले. एक तरी सापडू दे, अशी जवळजवळ प्रार्थनाच केली. कड फिरवून बघितली, मागच्या बाजूची देवी बघितली, खरोष्ठी लिपीतली अक्षरं बघितली. नाणं ओतीव नव्हतं, ठशानं छापलेलं होतं, अस्सल होतं.

"खरं हाय," मी म्हणालो आणि भिंग खाली ठेवलं.

"मग झालं की!" त्यांनी मांडीवर थाप मारली.

मी अदलाबदल सुचवली. सूर्यदेव घ्या, हत्तीच्या टोपीवाला घ्या, दोन्ही घ्या. वडिलांची, विहाराची गोष्टही सांगितली. अण्णांनी ती नीट ऐकली, मान हलवली आणि नाणं रुमालात गुंडाळलं. "बाकी कुठलंबी मागा डॉक्टर. हे न्हाय. हे आमचं आबा हायत."

मला राग आला. सगळ्यांनाच हे नातेवाईक करतात, आता माझ्या राजालाही! घरी मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "त्यांच्याकडं आहे तर असू दे की. तुम्हाला नाण्याचं दुःख आहे का अण्णांचं?"

आबांची हकीकत मला पुढं व्हॅनमध्ये कळली. कुरुंदवाडला एका दिगंबर मुनींचा चातुर्मास होता. अण्णांनी मला बरोबर चलण्याचा आग्रह केला. हातकणंगले मागं पडलं तसे ते बोलायला लागले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

"आबांनी दीक्षा घेतली तवा मी बारा वर्साचा. संगती साधू हुते, हे सगळ्यात मागं. अंगावर कापडाचा धागा न्हाय. माझ्या बापाची उघडी पाठ मी पहिल्यांदा बघितली, डॉक्टर. गावाभाईर पडताना त्यांनी असं वळून बघितलं." अण्णांनी स्टिअरिंगवर हात ठेवून मान डावीकडं वळवली. हुबेहूब नाण्यावरच्यासारखी. "त्याच्यानंतर न्हाय. सगळा देश चालत फिरले. आता इकडं आल्यात."

मी खिडकीबाहेर ऊस बघत बसलो. माझ्याकडं एक ऐकलेली गोष्ट होती, ती पण वडिलांनी दहा मुलांना मिळून सांगितलेली. या माणसाकडं त्या नाण्याचं प्रत्यक्ष दृश्य होतं. नाणं कुणाचं, हा वाद मी मनातल्या मनात हरलो होतो. त्याचं मला वाईट वाटलं, आणि अण्णांचा हेवा कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

मुनी मंदिराच्या मागच्या सभागृहात लाकडी पाटावर बसले होते. बारीक, काळे, हाडं मोजता येतील असे. बाजूला मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. दर्शनाची गर्दी ओसरल्यावर अण्णा पुढं झाले, "नमोस्तु महाराज" म्हणून खाली बसले. मुनींनी सगळ्यांना दिला तसाच हात वर करून आशीर्वाद दिला. मलाही तसाच, रतीभर कमी नाही की जास्त नाही.

अण्णांनी रुमाल सोडला. मुनी पैशाला शिवत नाहीत, म्हणून नाणं स्वतःच्या तळहातावर ठेवून त्यांच्यासमोर धरलं.

"काय हाय?" मुनींनी विचारलं.

"जुनं नाणं हाय, महाराज. राजाचं. पाठमोरा हाय, वळून बघतोय." "त्या दिवशी वेशीबाहेर तुम्ही असंच वळून बघितलासा न्हवं?"

मुनींनी वाकून नाण्याकडं बघितलं. म्हणाले, "न्हाय. वळलो न्हवतो."

अण्णांचा तळहात तसाच पुढं राहिला. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहायला बरं वाटत नाही, पण ते दुःख नव्हतं.

"आम्ही जमिनीकडं बघून चालतो, जीव तुडवला जाऊ नये म्हणून," मुनी सावकाश बोलत होते. "वळायचं न्हवतं. पर तू गप उभा न्हवतास. बांधावरनं पळत पुढं आलतास, पार चिंचेपर्यंत. चप्पल एकाच पायात हुती."

अण्णांनी मूठ मिटली. त्यांचं तोंड लहान पोरासारखं झालं. "व्हय," एवढंच म्हणाले. मुनींनी पिच्छी उचलली, मागं थांबलेल्या दुसऱ्या कुटुंबाकडं बघितलं. आमची भेट संपली होती.

बाहेर येऊन अण्णा व्हॅनला टेकून उभे राहिले. मी धीर द्यायचा म्हणून काहीतरी बोललो असेन. ते ऐकतच नव्हते. "चप्पल," ते म्हणाले. "मलाबी ध्यानात न्हवतं की हो. त्यांना हाय." मग गाडीत बसायच्या आधी त्यांनी रुमालासकट नाणं माझ्या हातात दिलं. "घ्या. तुमच्या वडलांचा राजा हाय न्हवं ह्यो? आमचं आबा न्हवं हे. आमचं आबा वळलेच न्हाईत."

मी आढेवेढे घेतले नाहीत. एकदा "अहो, असं कसं" म्हणालो आणि खिशात घातलं. इतक्या वर्षांत जे हवं होतं ते खिशात होतं, आणि शिरोळपासून कोल्हापूरपर्यंत मी शेजारी गाडी चालवणाऱ्या माणसाकडं चोरून बघत होतो. तो शीळ घालत होता. त्याच्या बापाला त्याची चप्पल आठवत होती. माझ्या वडिलांना माझं काय आठवत असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारायला कुणी नव्हतं.

त्यानंतर अण्णांचा नाद हळूहळू उतरला. मंदीत त्यांचे काही माग बंद पडले, पण नाणी त्यांनी विकली नाहीत. आत्तीचं आत्तीच्या घरी, साडूचं साडूला, अशी ज्याची त्याला वाटून टाकली. साडूनं ते अंगठीत बसवलं, हे ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

पुढं कधीतरी ते दाढेवर टोपी बसवायला आले. भूल चढेपर्यंत पुन्हा अल्बम चाळत बसले. पाठमोऱ्या राजाजवळ थांबले, भिंग मागून घेतलं, अगदी जवळ धरून बघितलं.

"चांगलं हाय की, डॉक्टर. कुठं मिळालं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा करतायत की खरंच विसरलेत, कळेना. एक बाजू सुन्न झाल्यामुळं त्यांचं हसू वाकडं झालं होतं आणि त्यावरून काही ताडता येत नव्हतं. मी म्हटलं, "तोंड उघडा."