मै. कु. एकोणीस

आमच्या नगरपालिकेत त्यांना सगळे पट्टीकाका म्हणायचे. हुद्द्याने आरेखक, म्हणजे नकाशे काढणारे. खिशात कायम सहा इंची पट्टी आणि स्वभावही तिच्यासारखाच, वाकायचं नाव नाही. मी टायपिस्ट, त्यांच्या समोरच्या टेबलावर. सोळा वर्षं आम्ही एका पंख्याखाली बसलो आणि त्यातली निम्मी त्या पंख्यावरून भांडलो. मला उकडायचं, त्यांचे कागद उडायचे.

शिवाय माझं शुद्धलेखन त्यांच्या डोक्यात जायचं. मी नको तिथे अनुस्वार देते. ‘नकाशा’चा ‘नंकाशा’ कधी होतो ते मलाच कळत नाही. “पोरी, टिंबं काय खिरापतीसारखी वाटतेस?” असं म्हणत ते लाल पेन्सिलीने एकेक टिंब खोडून कागद परत करायचे.

ते निवृत्त व्हायला सहा महिने उरले असताना वरून हुकूम आला. बाहेरून नवा रस्ता झाल्यामुळे जुना महामार्ग बंद पडला होता. त्याच्या एका तुकड्यावर मुलांसाठी बाग करायची, आणि बागेत तो महामार्गच दिसला पाहिजे. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे मान खाली घातली. पट्टीकाकांनी मात्र काम मागून घेतलं, कारण त्यांचे वडील त्या रस्त्यावर मैलकुली होते.

त्या काळी महामार्गाच्या प्रत्येक मैलाला एक माणूस नेमलेला असे. खड्डे बुजवायचे, चर साफ करायचे, मैलाच्या दगडाला चुना लावायचा. लोक त्याला मैलाच्या आकड्यानेच ओळखत. काकांचे वडील ‘एकोणीस’. शाळेत पोरं ‘मैलकुली’ मुद्दाम तोडून म्हणायची, “मैला-कुली, मैला-कुली!” त्या मारामारीत काकांचा पुढचा दात गेला. ते अकरा वर्षांचे असताना, खड्डा बुजवत असलेल्या वडिलांच्या अंगावरून ट्रक गेला. पेपरात बातमी आली, ‘एकोणिसाव्या मैलावर एक मैलकुली ठार.’ ट्रकचा नंबर छापला होता. माणसाचं नाव नव्हतं.

नकाशा त्यांनी जीव ओतून काढला. तीस मैलांचा रस्ता बागेत वळणावळणाने फिरवला. घाटाची घसरगुंडी, नदीवरचा दोरांचा पूल, पंक्चरवाल्याच्या टायरांचे झोपाळे, लपायला जकातनाका. तीन वर्षांच्या पोराला बसता येतील असे तीस बुटके मैलाचे दगड, आणि प्रत्येक दगडाशेजारी एक फरशी. तिच्यावर त्या मैलाच्या माणसाचं नाव.

“मुलांना नवीन नवीन वाचता यायला लागलं की ती दिसेल ते मोठ्याने वाचतात,” काका म्हणाले. “माझ्या बापाचं नाव कुणीतरी मोठ्याने वाचेल, बघ.” एवढं मोकळं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. तो तुटका दातही दिसला.

नावं कुठल्याच दप्तरात नव्हती. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून ते रस्त्याकडेच्या वस्त्यांवर जात, म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून विचारत. सव्विसाव्या मैलाचं नाव कुणालाच आठवेना, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘शिट्टी वाजवत काम करणारा.’ शेवटी तीस ओळींची यादी सुवाच्य अक्षरात लिहून नकाशाला जोडली. नकाशात जागा कमी, म्हणून फरश्यांच्या जागी नुसतं ‘मै. कु. १’पासून ‘मै. कु. ३०’पर्यंत.

आणि त्याच आठवड्यात माशी शिंकली. मी पंखा पाचवर केला आणि त्यांचा कागद उडून माझ्या चहात पडला. ते बोलले, मी दुप्पट बोलले, आणि आमचा अबोला सुरू झाला. निविदा टाइप करायला माझ्याकडे आली ती नेमकी तेव्हा.

‘मै. कु.’वर मी अडले. आमच्या नकाशांत ‘क. कु.’ म्हणजे कचराकुंडी. मग हे काय? काकांच्या फरश्यांचं मी अर्ध्या कानाने ऐकलेलं, ते रागाच्या भरात आठवलंच नाही. मान वर केली तर काका सहा फुटांवर पेन्सिलीला टोक करत बसलेले. विचारायचं म्हणजे आधी मी बोलायचं. तिथे माझं घोडं अडलं. मी उठून साहेबांकडे गेले.

साहेबांनी फोनमधून डोकंही काढलं नाही. “मैलाकुंडी असेल. कचराकुंडीचंच काहीतरी नवीन. बरंय, स्वच्छतेचे गुण मिळतील.”

“आणि ही नावं?”

“सफाईवाल्यांची असतील. माणसं ठेकेदार लावतो. काढून टाक.”

मी टाइप केलं, ‘मैलांकुंडी, नग तीस.’ यादी पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकली.

महिनाअखेरीस काका घड्याळ आणि चार भाषणं घेऊन घरी गेले. बागेला पत्रे लागले. रखवालदार त्यांना आत सोडेना. आठ महिन्यांनी उद्घाटन झालं, तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशात पट्टी होतीच.

प्रत्येक मैलाच्या दगडाशेजारी आ वासलेला एक हिरवा बेडूक बसवला होता. पोटावर पांढऱ्या अक्षरांत ‘मैलांकुंडी’ आणि आकडा. काका एकपासून चालत निघाले. कुठेही न थांबता एकोणीसपाशी आले. दगडावर बसलेल्या एका चिमुरडीने बिस्किटाचा कागद बेडकाच्या तोंडात कोंबला आणि पोटावरची अक्षरं बोटाने दाखवत मोठ्याने वाचली, “मै... लां... कुं... डी.”

ती पळून गेल्यावर काकांनी कोपरापर्यंत हात आत घालून तो कागद काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. मी जवळ गेले. अबोला एव्हाना विसरला होता, निदान मी विसरले होते.

“ठेकेदाराने घोळ घातला, काका.”

त्यांनी ‘ला’वरच्या टिंबावर बोट ठेवलं. “हे टिंब ठेकेदाराचं नाही.”

मग त्यांनी माझ्यापुढे हात केला.

“यादी आहे?”

नव्हती. तिच्या मागच्या बाजूला मी कुणाकुणाचे फोन नंबर लिहिले होते आणि कागद केव्हाच रद्दीत गेला होता. “तुमच्याकडे दुसरी प्रत असेल ना?” मी विचारलं.

“कच्ची ठेवलीच नाही. म्हटलं, ऑफिसात आहे म्हणजे जपून राहील.” ते बेडकाकडे वळले. “बापाचं नाव मला पाठ आहे गं. बाकीच्यांचं काय? ज्यांनी सांगितली, त्यांतली निम्मी म्हातारी गेली.”

मी रडायला लागले. त्यांनी समजूत काढली नाही, आणि का काढावी?

“पंखा ठेवत जा आता पाचवर,” ते म्हणाले. “उडण्यासारखं काही राहिलं नाही.”

पट्टीकाका परत कधी ऑफिसात आले नाहीत. पंखा मी बंदच ठेवते. कुणी विचारलं तर बिघडलाय म्हणून सांगते.