पंधरावी काठी

आमच्या क्लबाच्या सेक्रेटरीनं मामांना फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी कशासाठी लिहितोय हे कुणाला विचारावं लागणार नाही.

मामा म्हणजे सातारच्या बाजूला पठारावर आमचं जे छोटं गोल्फचं मैदान आहे, तिथले कॅडी. खेळणाऱ्याची काठ्यांनी भरलेली बॅग खांद्याला लावायची आणि त्याच्याबरोबर मैदानातले नऊ होल, म्हणजे चेंडू घालायची भोकं, चालत गाठायचे, हे त्यांचं काम. वय सत्तरीकडं झुकलेलं. गाव मेढ्याच्या वर, डोंगरातली एक वाडी. पलटणीत असताना तिथल्या कर्नलसाहेबांची बॅग वाहिली, निवृत्त झाल्यावर इथं आमच्या बॅगा वाहिल्या.

तुमच्यापैकी जे त्या मैदानावर येऊन गेलेत त्यांनी मामांची रीत पाहिली असेल. बॅग हाती आली की ती आधी खांद्याला लावायचीच नाही. सगळ्या काठ्या बाहेर काढून गवतावर ओळीनं मांडायच्या. मग एकेक उचलून तिच्या मालकापुढं धरायची आणि विचारायचं, "हिचं आज काय काम?" उत्तर देता आलं तर काठी बॅगेत. मालक अडखळला तर काठी पुसून परत गाडीच्या डिकीत.

माझी आणि त्यांची पहिली भेट भांडणातच झाली. मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती उचलण्यापासून सुरुवात केलेला माणूस. आज स्वतःचं गोदाम आहे. एक मोठं गिऱ्हाईक म्हणालं, शेठ, बोलणी मैदानावर करू, तुम्ही खेळायला शिका. म्हणून मी गोल्फमध्ये पडलो. परदेशी निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून भरलेली बॅग घासाघीस करून मिळवली होती आणि त्या सौद्यावर मी बेहद्द खूश होतो. मामांनी ती बॅग रिकामी केली. आतून एक छत्री, एक फाटका बूट आणि दोन पटर धरून चौदा काठ्या निघाल्या.

"ह्या दोन कशाला?" त्यांनी दोन्ही पटर वर धरले. चेंडू शेवटी भोकात ढकलायची ती काठी, तिला पटर म्हणतात.

"बॅगेबरोबर आल्या."

"बरुबर तर बूट पण आलाय. त्यो घालून खेळणार का?"

मी चिडलो. म्हटलं, "मामा, माल माझा आहे. मी ठरवीन काय न्यायचं."

"ठरवा की. पर उचलायचं कुणाला हाय?"

त्या दिवशी आठ काठ्या घेऊन खेळलो आणि घरी जाईपर्यंत धुसफुसत होतो.

पुढं त्याचा आमचा एक खेळच झाला. पूर्वी हळदीच्या पेठेत भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, पंजा दाबला की पाच. आजूबाजूला माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहायचा. मी मामांना ते शिकवलं. काठ्या पुसायचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर असायचाच. तो हातांवर टाकायचा आणि आज बॅगेत किती काठ्या, याचा सौदा त्याखाली करायचा. मी दोनदा पंजा दाबून वर चार बोटं धरायचो, म्हणजे चौदा. नियमानं तेवढ्याच चालतात, त्याच्यावर एक जरी झाली तरी दंड. मामा एक पंजा आणि दोन बोटं धरायचे, म्हणजे सात. मी तेरा, ते आठ. असं करत करत बहुतेक अकरावर सौदा पटायचा. बाकीचे मेंबर हसत बघत उभे राहायचे. कुणी विचारलं, "काय ठरलं, मामा?" तर म्हणायचे, "घरातली बोलणी हायती ही."

मला वाटायचं, हा माणूस काठ्या बघून काठ्या निवडतो. तसं नव्हतं. तो माणूस बघून काठ्या निवडायचा. एकदा मी गाडीतून उतरता उतरता फोनवर एका व्यापाऱ्याला शिव्या घातल्या आणि तसाच तणतणत मैदानावर गेलो. पहिला फटका मारायला ड्रायव्हर मागितला. ड्रायव्हर ही सगळ्यात लांब मारायची मोठी काठी. बॅगेत ती नव्हतीच.

"कुठंय?"

"डिकीत."

"मला न विचारता?"

"आवं शेठ, आज राग हाय तुमच्या हातात. मोठी काठी दिली तर चेंडू धरणात जाईल. ल्हान ल्हान मारा, हळूहळू उतरंल."

पाचव्या होलपर्यंत खरंच उतरला. त्या व्यापाऱ्याला मी संध्याकाळी पुन्हा फोन केला.

साताऱ्याचे एक डॉक्टर यायचे, पाठीनं बेजार. त्यांना मामांनी पाचच काठ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, "मामा, एवढ्यात कसं भागायचं?" मामा म्हणाले, "पंधरा गोळ्या लिवून दिल्या तर पेशंट किती खातो?" डॉक्टरांनी हसत हसत पाच काठ्यांनी खेळ पुरा केला. नंतर ते पाचच घेऊन येऊ लागले.

आणि वगळलेल्या काठ्या मामा कधी फेकल्यासारख्या ठेवत नसत. प्रत्येक काठीचं डोकं टॉवेलनं पुसून, त्याच्यावर कापडी टोपी चढवून, आडवी निजवल्यासारखी डिकीत ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "न खेळलेल्या काठ्या कशाला पुसता?" तर म्हणाले, "त्यास्नी न्हेलं न्हाई, ह्यात त्यांचा काय दोष?"

आता सेक्रेटरीकडं येतो. गेल्या वर्षी त्यांनी कमिटीकडून बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॉल्या मंजूर करून घेतल्या. बॅग ट्रॉलीत ठेवायची, बटण दाबायचं, कॅडीची गरज नाही. पण मामांच्या नादानं निम्मे मेंबर सात-आठ काठ्या घेऊन चालत होते. तेवढ्यासाठी ट्रॉली कोण घेणार? त्या शेडमध्ये उभ्याच राहिल्या. सेक्रेटरी सगळ्यांसमोर हसून म्हणायचे, "मामा, तुमच्यामुळं माझ्या ट्रॉल्या गंजतायत." मामाही हसायचे. मला ते हसणं तेव्हाच खटकायला हवं होतं. माणसाच्या आवाजावरून त्याच्या मनातला भाव ओळखणं हा माझा धंदा आहे.

क्लबाच्या वार्षिक स्पर्धेचा दिवस. माझं ते मोठं गिऱ्हाईक पुण्याहून खास खेळायला आलेलं, आणि माझ्याच गटात. त्याच्या बॅगेत चौदा काठ्या, सगळ्या चकचकीत. मामांनी टॉवेल टाकला आणि माझी बोटं धरली. अकरा. मी चौदा धरले. त्यांनी पुन्हा अकरा धरले. मी चौदाच. तिसऱ्यांदा मी त्यांचा पंजा जरा जोरातच दाबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, टॉवेल काढला आणि चौदा काठ्या भरल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आकडा मान्य केला तो एवढाच.

आम्ही निघालो. तिसऱ्या होलच्या सुरुवातीला कमिटीचे एक सभासद आले आणि म्हणाले, काठ्या मोजायच्या आहेत. मोजल्या. पंधरा निघाल्या. पंधरावी लाल मुठीची, मी कधी न पाहिलेली. दोन होल खेळून झाले होते, त्याचा चार फटक्यांचा दंड लागला. गिऱ्हाईक दुसरीकडं बघत राहिलं. मी मामांना विचारलं, "ही कुठून आली?"

"सेक्रेटरीसाहेबांची हाय. निघताना म्हणाले, मामा, जरा असू दे तुमच्यापाशी, म्होरं घेतो. मी ठेवली."

"आणि मला सांगितलं नाही?"

"साहेबांनी ठेव म्हटलं की ठेवायचं, शेठ. पलटणीत कवा इचारलं न्हाई, हितं काय इचारू? आन् रोजच्या अकरा असत्या तर ती बारावी झाली असती. माज्या ध्यानातच आलं न्हाई."

ते तक्रार म्हणून बोलले नाहीत. चूक कबूल करत होते. मला मात्र ते आजही रस्त्यात, गाडी चालवताना, मधेच ऐकू येतं.

संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्षांनी विचारलं, "मामा, ती काठी बॅगेत कशी आली?"

मामा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी सेक्रेटरींकडं बघितलं. "साहेबांस्नी ठावं हाय," एवढंच म्हणाले. त्यांना वाटलं, आता साहेब स्वतः सांगतील.

सेक्रेटरी म्हणाले, "मला? मला काय माहीत? बॅग तुम्ही भरली."

मामांनी त्यानंतर तोंड उघडलं नाही. मी उघडलं. म्हटलं, पंधरावी काठी सेक्रेटरींची आहे, बॅगेत चौदाच ठरल्या होत्या, मी साक्षीदार आहे. अध्यक्ष म्हणाले, कुणासमोर मोजल्या? मी म्हटलं, टॉवेलखाली. सगळे हसले. मग माझा ताबा सुटला. मी टेबलावर हात आपटला, नको ते दोन शब्द बोललो, आणि मुद्दा बाजूला राहून माझ्या वागण्यावरच चर्चा सुरू झाली. नियमाप्रमाणे काठ्या मोजायची जबाबदारी खेळणाऱ्याची असते, कॅडीची नाही. शिक्षा द्यायचीच होती तर ती मला द्यायची. दंडाचे चार फटके मला मिळाले. मामांचा मैदानावर यायचा गेट-पास निष्काळजीपणाचं कारण दाखवून काढून घेतला.

त्यानंतर मी कमिटीला तीन पत्रं दिली. पहिल्याला पोच मिळाली, दुसऱ्याला तीही नाही, तिसरं माझ्याच हातात परत आलं, विषय संपलेला आहे असं वर लिहून. इतकी वर्षं मी भांडून मिळवत आलो, पण या भांडणात आता माझाच जीव दमतो. रविवारी सांगलीहून निघतो, कऱ्हाडला चहा घेतो आणि कधी कधी तिथूनच गाडी परत वळवतो. पुढं गेलो तर मैदानावर एक पोरगा रिमोट हातात देतो, ट्रॉली पुढं चालायला लागते. आत काय आहे, किती आहे, कुणी विचारत नाही.

दोन महिन्यांपूर्वी मामांच्या वाडीला जाऊन आलो. अंगणात बसून भाताच्या पेंढ्या बांधत होते. चहा झाला. मी म्हटलं, "मामा, मी त्यांना सोडणार नाही." त्यांनी हातातली पेंढी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पास नको आता मला, शेठ. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. पर वाडीत पोरं इचारत्यात, आज्या, तुला काढलं कशापायी. त्यास्नी काय सांगू?"

मी निघालो, तेव्हा मामा खाली रस्त्यापर्यंत मला सोडायला आले, म्हटलं येऊ नका तरी आले.

क्लबाची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. हे मी त्या आधी लिहितोय, आणि सेक्रेटरींना वाचायला मिळेल अशाच ठिकाणी छापायला देतोय. चौदाचा हट्ट माझा होता, तो मी इथं सगळ्यांसमोर कबूल केला. आता त्यांची पाळी. त्यांनी मेढ्याच्या वर जावं. गाडी वाडीपर्यंत जात नाही, शेवटची चढण पायी चढावी. मामांच्या अंगणात, त्यांची नातवंडं घरात असतील अशा वेळी उभं राहावं आणि त्या पोरांना ऐकू जाईल असं सांगावं, की ती काठी माझी होती, आणि तुमच्या आज्यानं ती माझ्या सांगण्यावरून ठेवली होती. कमिटीला नंतर सांगितलं तरी चालेल.