शुभविवाद

आमच्या लग्नपत्रिकेची प्रूफं ज्यांनी वाचली, त्या काकांइतका शब्दांवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नांदेडात सापडायचा नाही. छापखान्यात उभा जन्म लग्नपत्रिका तपासण्यात गेला, आणि वाया गेलेल्या पत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते स्वतःचा शब्दकोश लिहीत गेले. आमच्या 'शुभविवाहा'चा 'शुभविवाद' झाला, तो त्यांच्याच नजरेखालून. मी भांडायला गेलो, तर शांतपणे म्हणाले, "चूक न्हाई ती. अर्थ हाय." त्या भांडणातूनच काकांचं नि माझं जमलं.

लेक लग्न होऊन लांब गेलेली, काका घरी एकटे, म्हणून रोज संध्याकाळी आमच्याकडे. खिशात नवी पत्रिका असायचीच. 'सहज आलो : काम आहे, चहा झाल्यावर सांगतो.' 'गैरसमज : आपण बोललेलं समोरच्याला बरोबर समजणे.' 'मोकळ्या मनाचा : दुसऱ्याचं आपल्याला सांगणारा. चहाडखोर : आपलं दुसऱ्याला सांगणारा.' एकदा माहूरला जाऊन येऊ, असं मी बायकोला दहा वर्षं म्हणत होतो; काकांनी 'एकदा : कधीच नाही' असं लिहून पत्रिका तिच्याच हातात दिली, आणि मला त्याच रविवारी माहूर गाठावं लागलं. मेव्हणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे म्हणाले की आमच्या काहीच अपेक्षा नाहीत, तेव्हा यांनी भर बैठकीत पेन काढलं. 'अपेक्षा नाहीत : यादी तोंडपाठ आहे.' मला घाम फुटला. पण मुलाच्या आजीने ती पत्रिका मागून घेतली, वाचली आणि इतकी हसली की सोयरीक तिथेच पक्की झाली.

त्यांचा खरा राग मात्र 'येतो' या शब्दावर. 'येतो : परत न येणाऱ्याने निघताना म्हणायचा शब्द.' त्यामुळे उठताना ते चक्क 'जातो' म्हणायचे. माझी बायको अशुभ नको म्हणून त्यांना परत बसवायची, पाणी द्यायची, आणि पाण्यामागून चहा व्हायचाच. दुसऱ्या चहासाठीच हा अविश्वास आहे, असा मला दाट संशय होता.

गेल्या महिन्यात त्यांची लेक त्यांना हैदराबादला कायमचं घेऊन गेली. आम्ही स्टेशनवर गेलो. बायकोने पाण्याची बाटली आठवणीने घेतली होती. ते परत येतील का, हे विचारायचा धीर मला होत नव्हता. गाडी हलली तसे काका खिडकीतून माझ्या बायकोकडे बघत म्हणाले, "येतो, ताई."

आम्हाला 'या' म्हणायचंही सुचलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं. डबा पुढे गेला, आणि मला त्यांच्या कोशातला तो अर्थ आठवून भरून आलं. मी बायकोला तसं म्हणालो.

"त्यांचं काय धरून बसता," ती म्हणाली, "आपल्या पत्रिकेत चूक केलीच होती ना त्यांनी?"

आणि काकांसाठी आणलेलं पाणी तिने स्वतःच पिऊन टाकलं.