बायजाक्काची पावसाची वही

बायजाक्का माझी थोरली जाऊ. चौथी शिकलेली. कुंभारवाड्याला आमच्या अंगणाच्या कडेला तिनं सात वर्षं पाऊस मोजला. पगार ना मान. घाटावरच्या कॉलेजातले एक सर पर्जन्यमापक बसवून गेले होते. "आक्का, आमच्या अभ्यासाला जंगलातला पाऊस पाहिजे. रोज सकाळी साडेआठला मोजाल काय?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि ती व्हय म्हणाली.

वर नरसाळं, खाली बाटली. बाटलीतलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळा रेघेला लावून आकडा वहीत लिहायचा. डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन ती धो धो पावसातही जायची. तिचे मालक, माझे थोरले दीर, वारले त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. शेजारच्या पुतळीकाकी म्हणाल्या, "अगो, सुतकात कसली वही?"

"पावसाला सुतक न्हाई, काकी."

असल्या तोंडामुळं बायका तिच्यावर खार खाऊन होत्या. पण महिन्याचे आकडे पोचले की सरांचं कार्ड यायचं, ते ती देव्हाऱ्यात ठेवायची.

सत्त्याऐंशी साली मिरग कोरडा गेला, आर्द्राही गेल्या. भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडला. पुतळीकाकींनी आम्हा पाच जणींना गोळा करून नवस बोलला. देवीच्या पाषाणावर पाणी घालायचं, आणि पाऊस पडेस्तवर त्या पाण्याबद्दल तोंड उघडायचं नाही. बोललं की नवस वाया.

पाणी घालून परतताना काकी मापकापाशी थांबल्या. "ही बायजाक्का रोज आंघोळ करून ह्याची सेवा करतीया. ह्याचंच पोट रिकामं, मग आभाळ कसं भरंल?" असं म्हणून तांब्यातलं उरलेलं पाणी त्यांनी नरसाळ्यात ओतलं, काठाला कुंकू लावलं. मी सातवी शिकलेली. ती नुसती बाटली आहे हे मला ठाऊक होतं. पण तरवा माझाही सुकत होता. मी हात जोडले.

सकाळी मापात अठ्ठेचाळीस मिलिमीटर भरलं. आभाळ कोरडं ठणठणीत. आक्कानं कुंकू बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि लिहिलं : 'शून्य. बाटलीत ४८, बायकांनी ओतलेलं. पाऊस नाही.' नुसतं शून्य लिहिलं असतं तर कुणाला काय कळणार होतं?

आठ दिवसांनी सर जीपनं तपासणीला आले. ती ओळ वाचून त्यांचा चेहरा उतरला. "आक्का, एकदा ओतलं, तर ह्याआधी किती वेळा ओतलं असंल? मी कसा भरवसा धरू?"

"एकदाच ओतलंय. म्हणून तर लिवलं."

सरांनी आम्हाला बोलावलं. "खरं सांगा, एकदाच ओतलं की नेहमी ओतता?"

आम्ही सगळ्याजणी मातीकडं बघत उभ्या. पाऊस अजून पडला नव्हता.

आक्का माझ्यापाशी आली. "तू शाळेत गेल्यालीस. तू तरी बोल गं. एक शब्द."

माझ्या ओठापर्यंत आलं होतं. काकींनी मागून चिमटा काढला, आणि मी गिळलं.

सरांनी मापक उपटून जीपमध्ये घातलं. वहीवर तिरपी रेघ मारून ती आक्काच्या हातात दिली. सगळीच वर्षं बाद. ती जीपमागं चार पावलं गेली. "सर, मालक गेले तवाचा आकडा तरी बघा," म्हणाली. जीप थांबली नाही.

पाच दिवसांनी पाऊस लागला. त्याच दिवशी मी सरांना पत्र घातलं, 'एकदाच ओतलं, आम्हीच ओतलं, आक्काचा दोष नाही.' महिन्यानं कार्ड आलं. मापक दुसऱ्या गावी बसवलंय, जुने आकडे आता घेता येत नाहीत.

देवीवर माझा राग नाही. गप्प बसा असं तिनं सांगितलं नव्हतं, ते आम्हीच आमचं ठरवलं होतं.

नवस फेडून मी आक्काकडं खोबऱ्याचा प्रसाद घेऊन गेले. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाऊस झाला म्हनं?"

"लई झाला, आक्का."

"लई म्हंजे किती?"

मी प्रसाद पुढं केला.

"ने तो," ती म्हणाली, "काकीला दे."